खोकला राहू दे वं माय

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकात माझी एक कथा आली. नागपूरच्या इतवारीतल्या एका घरातली म्हातारी ऐन मे महिन्यात रात्री उठून कूलर बंद करते आणि त्यावरून सुनेशी तिचं वाजतं, एवढंच तिचं कथानक. ती वाचून बऱ्याच जणांनी विचारलं, हे सुचलं कुठून? विचारणाऱ्यांत नव्याने लिहू लागलेली मुलंमुली जास्त होती. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देणं मला जमेना, कारण ही कथा एका ठिकाणाहून आलेलीच नाही. ती कशी जमत गेली ते नीट आठवतंय तोवर लिहून ठेवते.

सुरुवात झाली मारबतीच्या गर्दीत. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, लहान पोरं लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा करतात त्याच दिवशी, जुन्या नागपुरात काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची मिरवणूक निघते. काळी निघते १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. काळीचा संबंध लोक नागपूरच्या भोसले घराण्यातल्या बांकाबाईशी लावतात, ती इंग्रजांना मिळाली म्हणून. पिवळीला मात्र माणसं हात जोडतात, बाया लेकरांना तिच्या पाया पडायला नेतात. सोबत बडगे असतात, म्हणजे त्या वर्षी गावाचा ज्याच्यावर राग असेल त्याचे पुतळे. कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, कधी एखादा पुढारी. इतवारीत दोन्ही मारबती समोरासमोर येतात तेव्हा पाय ठेवायला जागा उरत नाही आणि सगळी गर्दी एका सुरात ओरडत असते, "ईडा पीडा, रोगराई, खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!" मग हे सगळं मिरवत नेऊन जाळायचं.

मी एका बंद दुकानाच्या ओट्यावर उभी होते. शेजारी नऊवारी लुगड्यातली एक म्हातारी. पिवळी मारबत समोर आली तशी तीही गर्दीबरोबर म्हणू लागली. ईडा, पीडा, रोगराई. खासी-खोकल्यापाशी ती थांबली, हात जोडले आणि हळूच म्हणाली, "खोकला राहू दे वं माय." मग पुन्हा गर्दीच्या आवाजात आवाज मिळवून "घेऊन जा गे मारबत" म्हणाली. पोट्ट्यांचा एक लोंढा आला, आम्ही दोघी दोन दिशांना ढकलल्या गेलो. ती मला पुन्हा दिसली नाही.

अनेकांचा पहिला प्रश्न असतो, तुम्ही तिला विचारलं का नाही? ती दिसत होती तोवर विचारता आलं असतं. मी मुद्दाम विचारलं नाही. तिचं ते मागणं देवीशी होतं, माझ्याशी नव्हतं. त्यात नाक खुपसण्याचा मला अधिकार नव्हता, हे पहिलं कारण. दुसरं कारण लेखनातलं आहे. तिने खरं कारण सांगितलं असतं, तर माझ्याकडे एक हकीकत आली असती, आणि त्या हकीकतीशी प्रामाणिक राहण्याचं ओझंही आलं असतं. हेन्री जेम्स या कादंबरीकाराने स्वतःच्या एका कादंबरीच्या प्रस्तावनेत असाच अनुभव नोंदवला आहे. नाताळच्या आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर शेजारच्या बाईंनी सहज सांगितलं की, एका घरात वडील वारल्यावर आई आणि मुलगा घरातल्या मौल्यवान सामानावरून भांडताहेत. त्या चार शब्दांत जेम्सला कादंबरी सापडली. बाई पुढचा तपशील सांगत राहिल्या आणि त्याला तो अजिबात नको होता. खऱ्या आयुष्यात ते प्रकरण पुढे ज्या वळणाने गेलं ते त्याच्या कामाचं नव्हतं. मला हे फार पटतं. माणसाकडून बी घ्यावं, पीक मागू नये.

घरी येऊन वहीत लिहिलं. माझी वहीत लिहायची एक पद्धत आहे आणि नव्या मुलांना मी ती आग्रहाने सांगते. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं लिहायचं, बोलीसकट. कुठे ऐकलं, बोलणाऱ्याने हात कुठे ठेवले होते, आवाज चढा होता की उतरलेला, एवढं लिहायचं. वाक्याचा अर्थ लिहायचा नाही. "बिचारी म्हातारी" असं तर मुळीच नाही. अर्थ त्याच दिवशी लिहून टाकला की पुढे वही उघडल्यावर आपल्याला आपलाच अर्थ दिसतो, ते माणूस दिसत नाही.

त्यानंतर बरेच महिने काहीच झालं नाही. पाऊस सरला, थंडी आली, गेली. मी शाळेत शिकवते, त्यामुळे परीक्षा, पेपर तपासणं हे सगळं मध्ये होतंच. वाक्य आठवायचं, पण त्याला हात लावावासा वाटायचा नाही. आमचे एक नातेवाईक काटोलकडे संत्र्याची बाग करतात. झाडाचं पाणी तोडून त्याला ताण देतात, झाड पानं गाळायला लागलं की मग पाणी सोडतात आणि बहार फुटतो. वाक्याला असा ताण बसू द्यावा, असं मला वाटतं. लगेच पाणी घातलं तर नुसती पालवी येते.

उन्हाळा लागण्याआधी मात्र मी त्या वाक्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्या बाईला नाही, वाक्याला. घरात अनेक वर्षं मुक्कामाला असलेला खोकला म्हणजे कोणता खोकला? सर्दीचा खोकला कोणी देवीकडे राखून मागत नाही. मग या शहरात वर्षानुवर्षं खोकणारी माणसं कोण? कामठीकडे विड्या वळणारी घरं आहेत, तिथे तंबाखूची धूळ. उमरेडला कोळशाच्या खाणी. कोराडी आणि खापरखेड्याला औष्णिक वीज केंद्रं, त्यांची राख आसपासच्या गावांवर उतरते. आणि खुद्द शहरात कापडगिरण्या होत्या, तिथे कापसाचा तूस. एकाच वाक्यातून इथे चार वेगळ्या कथा निघू शकत होत्या, आणि चारही खऱ्या नागपूरच्या. विडीची कथा घरात बसून काम करणाऱ्या बायांची झाली असती. राखेची कथा जमिनीची आणि विहिरीची. मी गिरणीकडे वळले, त्याचं कारण मला नंतर एका डॉक्टरांनी दिलं.

आधी गिरणीचं सांगते. जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल इथे सुरू केली ती १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्याच दिवशी. नाव त्यावरूनच पडलं. मुंबई सोडून नागपूर निवडलं, कारण कापूस इथे हाताशी होता आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ होता. १८८६ मध्ये इथल्या कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला, त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. पुढे शंभरावर वर्षांनी गिरणी संपली आणि गांधीसागराजवळच्या त्या जागेवर आता मॉल उभा आहे. हे सगळं मी झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघाच्या ग्रंथालयात आणि इकडे-तिकडे वाचत बसले. यातलं एक अक्षरही कथेत आलेलं नाही. तरी ते वाचल्याशिवाय मला त्या म्हातारीच्या नवऱ्याला गिरणीच्या दारातून आत पाठवता आलं नसतं.

एका ओळखीच्या छातीच्या डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी बिसिनोसिसबद्दल सांगितलं. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार. कायद्याने तो व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. कापूस पिंजून, विंचरून त्याचा पेळू होतो त्या खात्यात, म्हणजे ब्लो-रूम आणि कार्डिंगमध्ये, धूळ सगळ्यात जास्त आणि आजारही तिथेच जास्त. त्याची एक गंमतीची नव्हे, काळजाला लागणारी खूण त्यांनी सांगितली. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामगार पुन्हा कामावर जातो त्या पहिल्या दिवशी त्याची छाती सगळ्यात जास्त आवळते. पुढच्या दिवसांत थोडं हलकं वाटतं, मग पुन्हा सुट्टी, पुन्हा तोच पहिला दिवस. आजार वाढला की मग सगळेच दिवस सारखे होतात.

हे ऐकल्यावर मी गिरणी पक्की केली. ज्या घरात नवऱ्याच्या छातीवरून बायकोला आठवड्याचा वार कळत असेल, त्या घरातली बाई माझ्यासमोर उभी राहिली. तिचं तरुणपण कसं गेलं असेल ते मला एका झटक्यात दिसलं. सुट्टीच्या दिवशी नवरा घरी आहे म्हणून आनंद, आणि दुसऱ्या रात्रीची धास्ती.

एका निवृत्त गिरणी कामगारांशीही बोलले. आमच्या ओळखीतलेच काका. त्यांना मी कथेचं काही सांगितलं नाही, फक्त खात्यातला दिवस कसा असायचा ते विचारलं. ते बोलले ते सगळं अंगाने बोलले. नाकातोंडाला बांधलेला दुपट्टा, भुवयांवर बसलेला पांढरा तूस, घशात अडकलेलं काढायला खाल्लेला गुळाचा खडा. आणि दमट हवा. कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून गिरणीत हवा ओली ठेवायची, त्यामुळे बाहेर मेची भट्टी अन् आत वाफ. "बाहेर निघालो का उन्हातही थंड वाटे," ते म्हणाले. हे मी कल्पनेने कधीच लिहू शकले नसते. अभ्यास म्हणजे पुस्तकं, असं समजणाऱ्यांनी अशा माणसाजवळ एक दुपार बसून पाहावं.

पण कथा अजून झालीच नव्हती. बाई होती, खोकणारा नवरा होता, धूळ होती, आणि खोकला राहावा असं तिला का वाटावं याचं कारण नव्हतं. एक कारण मनात आलं की नुकसानभरपाईचं काही प्रकरण चालू असेल, खोकला हाच पुरावा असेल, तो गेला तर दावा जाईल. हे कारण हुशारीचं आहे, त्यावर एखादी चांगली कथा कोणी लिहीलही. मी त्याची दोन-तीन पानं लिहून पाहिली आणि सोडून दिली, कारण त्यात ती बाई कागद सांभाळणारी झाली. माझ्या ओट्यावरच्या बाईने हात जोडले होते ते दाव्यासाठी जोडावेत तसे नव्हते.

मग मे आला. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागायच्या आधीच पारा पंचेचाळीसच्या वर. नागपूरच्या उन्हाळ्याची रात्र म्हणजे कूलरची रात्र. खिडकीत तो पत्र्याचा मोठा डबा, त्याच्या बाजूंना लावलेल्या ओल्या ताट्यांचा, म्हणजे गवताच्या पडद्यांचा वास आणि रात्रभर घरघर. त्या आवाजात शेजारच्या खोलीत कोणी हाक मारली तरी ऐकू येत नाही. अशाच एका रात्री वीज गेली. आमचा कूलर थांबला, शेजाऱ्यांचा थांबला, सगळ्या मोहल्ल्याचे थांबले. आणि त्या शांततेत मागच्या गल्लीतून कोणीतरी खोकलं. लांबलचक, जुना खोकला. तो मला आधी कधी ऐकूच आला नव्हता, कारण उन्हाळाभर आम्ही सगळे आपापल्या कूलरच्या आवाजात कोंडलेले असतो.

मी उठून बसले. खोकला ऐकू येतोय म्हणजे माणूस आहे. कूलर चालू असेल तर आत निजलेला माणूस आहे की नाही, हे कळायला मार्ग नाही. म्हणून ती बाई रात्री उठते आणि कूलर बंद करते. पंचेचाळीस अंशांत. घरच्यांना वाटतं, म्हातारी बिलासाठी जीव काढून राहिली.

योगायोग म्हणाल तर आहे. पण योगायोगावर माझा तितकासा भर नाही. महेश एलकुंचवारांची हकीकत आपल्याकडे लिहिणाऱ्यांना माहीत असते. सिनेमाचं तिकीट मिळालं नाही म्हणून ते तेंडुलकरांच्या, विजया मेहतांनी बसवलेल्या नाटकाला गेले आणि नाटककार झाले. सांगताना आपण न मिळालेल्या तिकिटावरच थांबतो. ते दुसऱ्या दिवशी तेच नाटक पुन्हा पाहायला गेले, ही गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. तिकीट न मिळणं नशिबाचं, पुन्हा जाणं त्यांचं स्वतःचं. मीही तेच केलं. पुढच्या रात्रींना वीज होती. मी मुद्दाम आमचा कूलर बंद करून अंधारात पडून राहायची. किती वेळात घाम मानेवरून उशीत उतरतो, ताट्यांतून पाणी ठिबकायचं कधी थांबतं, घराचे कोणते आवाज वर येतात, दुसऱ्या खोलीतला माणूस कूस बदलून "काय झालं?" म्हणून कधी ओरडतो. घरच्यांनी सहन केलं. कथेतली सगळी रात्र त्या रात्रींतून आली.

शाळेला उन्हाळी सुट्टी होती, त्यामुळे लिहायला सलग वेळ मिळाला. शिवाय समोर दिवाळी अंकाची मुदत होती. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेला हे एक वार्षिक बंधन लागलं आहे. उन्हाळ्यात संपादकांचं पत्र किंवा फोन येतो, पावसाळ्यात कथा पाठवायची. यावर नाराज असणारे लेखक आहेत. मुदत असली की मन थाऱ्यावर येतं, असा माझा अनुभव आहे. मुदतीने कथा सुचत नाही, पण सुचलेली कथा बसून लिहिली जाते.

पहिला खर्डा म्हातारीच्या मनातून लिहिला. तो वाईट नव्हता. त्यात अडचण एकच होती, वाचकाला पहिल्याच पानावर कारण कळत होतं आणि मग कूलर बंद करण्यात काही उरत नव्हतं. मी कथा सुनेकडे दिली. दिवसभर कामावरून थकून आलेली, लहान लेकरू घामाने रडून राहिलं, आणि सासू पुन्हा उठून खटका दाबते. सुनेचा राग खरा हवा, न्याय्य हवा. मारबतीच्या गर्दीत मी ज्या जागी होते, त्याच जागी ती सून आली. तिलाही सासूचं नुसतं वागणं दिसतं, कारण दिसत नाही.

मारबत कथेत ठेवायची की नाही, यावर फार विचार केला. ज्या वाक्याने सगळं सुरू झालं ते टाकून देणं जड जात होतं. पण ती मिरवणूक इतकी भरजरी आहे की चार पानांच्या कथेत आली तर सगळी जागा खाऊन टाकते. शेवटी काढली. कथा वाचणाऱ्या कोणालाही मारबत दिसत नाही. हे मला आजही बरोबर वाटतं. जिथून कथा मिळते ती जागा कथेत असलीच पाहिजे असं नाही.

शेवट काय करायचा, हेही बरेच दिवस ठरेना. सुनेला कारण कळावं का? सासूने सांगावं, सून रडावी, असा शेवट लिहिणं सोपं होतं. मी सुनेला कारण न कळताच एक काम करायला लावलं. ती कंटाळून नवऱ्याला म्हणते, कूलर आपल्या खोलीच्या खिडकीत लावू, त्यांच्या खोलीत पंखा राहू दे. तिच्या दृष्टीने ती सासूला शिक्षा आहे, लेकरासाठी घेतलेला हक्क आहे. म्हातारी काही बोलत नाही, उलट दुसऱ्या दिवशी स्वतः ताट्या धुऊन देते. एवढ्यावर कथा संपवली. काही वाचकांना हा शेवट कोरडा वाटला. एका बाईंचा फोन आला, त्या म्हणाल्या की त्यांना ताट्यांपाशी पोचेपर्यंत काहीच कळलं नव्हतं आणि मग मागे जाऊन सगळं पुन्हा वाचावं लागलं. मला तसंच हवं होतं.

पाठवण्याआधी कथा मी आमच्या शाळेत काम करणाऱ्या एका मावशींना वाचून दाखवली. त्या इतवारीकडच्याच, सासू-सुनेची बोली त्यांच्या तोंडात ताजी. बाहेरगावी राहून आलेल्या माझ्यासारखीच्या कानावर प्रमाण मराठीचं पाणी चढतं, म्हणून हे मी नेहमी करते. मावशींनी कथेवर काही मत दिलं नाही. एका जागी मात्र मला थांबवलं. सून सासूला विचारते, "तुम्ही कूलर का बंद करता आहात?" असं मी लिहिलं होतं. "अशी कोण बोलते मॅडम? 'काऊन बंद करून राहिल्या जी आई', असं म्हणन ते. अन् रागात असली तर 'जी' काढून टाकन." मी 'जी' कुठे ठेवायचा आणि कुठे काढायचा ते सगळ्या कथेभर त्यांच्याकडून तपासून घेतलं. सुनेचा राग कुठे चढतो आणि कुठे उतरतो, हे त्या दुपारी कागदावर पहिल्यांदा बरोबर बसलं, आणि दुसऱ्या दिवशी मी कथा टपालात टाकली.